अर्धं वाक्य

लग्नाला दहा महिने झाले आणि रविवार
आत्ता कुठे आमचे व्हायला लागलेत.
आधीचे सगळे गेले
मामेसासऱ्यांकडे, आत्याकडे, जेवायला बोलावलेल्यांच्या ताटांवर.

एप्रिलमध्ये शिवडीला गेलो, फ्लेमिंगो बघायला.
ओहोटी इतकी लांब गेलेली
की पक्षी म्हणजे चिखलाच्या टोकाला सांडलेली
चिमूटभर गुलाबी रांगोळी.
हेरंबने पिशवी उघडली : दुर्बिणीचा नुसता डबा.
दुर्बीण घरी, टेबलावर.
चिडायचं राहूनच गेलं. आम्ही आळीपाळीने
रिकाम्या डब्याला डोळा लावून बसलो.

पुढच्या रविवारी ओशिवरा, जुन्या फर्निचरची गल्ली.
एका कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलीने लिहिलं होतं :
धोबी. चादरी चार. एक परत आली नाही.
हेरंब म्हणाला, हेच घेऊ.
मी म्हटलं नको, जन्मभर त्या चादरीची
वाट बघावी लागेल.

आणि मग गोराई.
मे महिना, दुपारचे चार,
आभाळ चहाच्या पातेल्याच्या बुडासारखं.
ताडगोळे सोलून देणारा माणूस हातातला कोयता थांबवून
एकदाच वर बघतो, आणि टोपली उचलून चालू लागतो.
तेवढ्यात मुलुंडहून दादांचा फोन.
माझे वडील फोनवर कधी प्रस्तावना करत नाहीत.
त्या दिवशी केली :
"ऋजू, घाईत नाहीस ना? एक सांगायचं होतं.
म्हणजे, मी आणि काळसेकरबाई—"

वाळू आली.
दातांत, कानांत, फोनच्या भोकांत.
सरबतवाल्याची ताडपत्री उठली
आणि सुरूच्या झाडांवरून निघून गेली,
बोलावणं आल्यासारखी.
हेरंब काहीतरी ओरडत होता. पळ, असणार.
माझी एक चप्पल अजून तिथेच असेल.

लाँच बंद. वीज बंद. टॉवर बंद.
सिसिलमावशींनी ओसरीवर घेतलं,
कोण, कुठले, काही न विचारता.
कंदिलाच्या उजेडात फुगे वाढले, सुक्या बोंबलांचं कालवण वाढलं.
कौलं रात्रभर दाढा खात होती.
"नारल परला," प्रत्येक आवाजाला त्या म्हणायच्या,
आणि एकदा, "हा नारल नाय."

चटईवर पडल्या पडल्या हेरंब वाक्य पुरं करायला लागला.
मी आणि काळसेकरबाई सोसायटीच्या निवडणुकीला उभे आहोत.
मी आणि काळसेकरबाई अष्टविनायकाला जातोय, बसने.
मी आणि काळसेकरबाई भांडलो, पाण्याच्या टाकीवरून.
मी हसले. पुष्कळ हसले.
मग आठवलं : आईच्या शेवटच्या महिन्यांत
तिसऱ्या मजल्यावरून रोज सहाला
झाकण घातलेला पेला यायचा, लिंबाचं सरबत.
आई दोन घोट घ्यायची.
उरलेलं दादा प्यायचे, उभ्यानेच.
हेरंब पुढचं वाक्य जुळवत होता.
मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.
बराच वेळ तो हात तिथेच राहिला.

सकाळी अंगणभर कैऱ्या.
मावशींनी माझ्या ओढणीत ओतल्या, जड होईपर्यंत.
पहिली लाँच साडेनऊला सुटली
आणि खाडीच्या मध्यावर फोन जागा झाला.
दादांचे सहा मेसेज :
पोचलात का. खिडक्या लावल्या होत्या का.
इकडे पत्रा उडाला, तिवारींच्या गाडीवर. कुणाला लागलं नाही.
फोन कर. झोपलीस का.
फोन कर.
त्या वाक्याचा कुठेच पत्ता नाही.

मी फोन लावला.
"दादा, तुमचं अर्धंच ऐकू आलं."
पलीकडे कुकरची शिट्टी. मग,
"कुठपर्यंत?"
"काळसेकरबाईंपर्यंत."
"मग फारसं राहिलं नाही काही," ते म्हणाले.

लाँच हलत होती. हेरंब बघत होता
माझ्याकडे नाही, माझ्या एका अनवाणी पायाकडे.
काही बोलायला हवं होतं.
काय, ते कुणी शिकवलेलं नव्हतं.
मांडीवरच्या ओझ्यातून एक कैरी घरंगळली,
ती पकडता पकडता मी विचारलं,
"आईच्या प्रमाणाने लोणचं घालणार आहे.
त्यांना तिखट चालतं का?"